गळतं तिथे भोक नसतं

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मजकूर थोडक्यात असा:

"घराचा पुढचा भाग आजेसासऱ्यांनी बांधलेला, धाब्याचा, म्हणजे लाकडी सरे-कड्यांवर माती टाकलेल्या सपाट छताचा. मागे 2012 साली वीस बाय तीसचा स्लॅब टाकला, तो धाब्यापेक्षा दोनेक फूट उंच आहे. तीन पावसाळे झाले, घर गळतंय. स्वयंपाकघरात पंख्याच्या हुकातून थेंब पडतात. ते पाऊस सुरू झाल्यावर तीन-चार तासांनी सुरू होतात आणि पाऊस थांबला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतात. धाबं आणि स्लॅब भेटतात त्या मधल्या भिंतीवरून मात्र पाऊस आला की लगेच पाणी उतरतं, आणि तिथेच आमची दादर ज्वारीची कोठी आहे. तिसरी जागा न्हाणीच्या कोपऱ्यातली, तिथे यंदा एप्रिलमध्येसुद्धा ओल होती. पहिल्या वर्षी डांबर ओतलं, दुसऱ्या वर्षी पांढरं सिमेंट भरलं, गेल्या वर्षी दुकानदाराने दिलेली केमिकलची बादली लावली. गवंडी म्हणतो, सगळा कोबा उखडा. मालक, म्हणजे आमचे हे, सुरतेला कामाला आहेत, ते म्हणतात वरून पत्र्याचं शेड मारून टाकू. आबा, म्हणजे सासरे, म्हणतात धाब्यावर सिमेंटचा कोबा करून घ्या. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद जमतात, आणि बसवायची ती भिंतच ओली. कोणाचं ऐकू?"

ताई, तूर्त कोणाचंच ऐकू नका. गवंडी, मालक, आबा तिघेही तुमच्या भल्याचंच सांगतायत. पण पाणी शिरतं कुठून हे पाहायला तिघांपैकी कोणी भर पावसात वर चढल्याचं पत्रात दिसलं नाही. तीन वर्षांत तीन उपाय झाले आणि तिन्ही वाया गेले ते याच कारणाने.

आधी जिवाचं बोलू. स्वयंपाकघरातला तो पंखा आजपासून बंद. नुसतं बटण बंद करून भागत नाही, त्या खोलीची एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचं बटण, खाली पाडा आणि वायरमनला बोलावून त्या पॉइंटची वायर मोकळी करून घ्या. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो बसवूनच घ्या. करंट भलतीकडे गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. ओल्या हुकाखाली उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बायका मी पाहिल्यात, म्हणून हे पहिलं सांगतोय.

आता पाण्याची वाट. तुमच्या स्लॅबचा काप डोळ्यांसमोर आणा. खाली गिलावा, त्यावर चार-पाच इंचांचं काँक्रीट, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि सगळ्यात वर घोटाईचा, म्हणजे सिमेंट घोटून गुळगुळीत केलेला, पातळ थर. पाणी वरच्या थरातल्या एखाद्या चिरेतून कोब्यात उतरतं. खाली काँक्रीट घट्ट असतं, म्हणून ते तिथे थांबतं आणि कोब्याच्या पोटातून उताराकडे सरकत राहतं. वाटेत जिथे काँक्रीटला कमकुवत जागा मिळेल तिथून खाली येतं. पंख्याचा हुक स्लॅब टाकतानाच सळईला अडकवलेला असतो आणि विजेच्या पाइपा स्लॅबच्या पोटातून तिथवर आलेल्या असतात. पाण्याला तो तयार बोगदाच. त्यामुळे थेंब हुकातून पडतो, पण पाणी शिरलेलं असतं भलतीकडे, कधी दहा-पंधरा फुटांवर.

मी पंचवीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली. सुरुवातीच्या वर्षांत अमळनेरला एका घराच्या दिवाणखान्यात मधोमध गळत होतं. आम्ही बरोबर त्या जागेवरचा चार बाय चारचा कोबा फोडून नवा केला. पहिल्याच पावसात पुन्हा तिथेच थेंब. घरमालकांनी आवाज चढवला नाही, नुसतं बादलीकडे बोट दाखवलं, आणि ते मला जास्त लागलं. मी छत्री घेऊन वर गेलो आणि अर्धा तास नुसता उभा राहिलो. कठड्यातून बाहेर जाणाऱ्या पन्हाळीच्या पाइपाभोवती पाणी जमून अगदी हळू गोल फिरत होतं आणि मधूनच एखादा बुडबुडा वर येत होता. बुडबुडा येतो म्हणजे खालची हवा बाहेर पडतेय आणि तिच्या जागी पाणी आत जातंय. पाइप आणि कोबा यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट होती. ती जागा दिवाणखान्याच्या मध्यापासून चौदा फूट लांब निघाली. त्या दिवसापासून वर जाऊन पाणी पाहिल्याशिवाय मी थापीला हात लावू दिला नाही.

तुमच्या पत्रात एक फार मोलाची गोष्ट आहे. कोणती जागा केव्हा गळते ते तुम्ही नीट लिहिलंय. त्यावरूनच निम्मा शोध लागतो. पावसाबरोबर लगेच गळणारी जागा म्हणजे सरळ वाट, मोठी फट. उशिरा सुरू होऊन उशिरापर्यंत चालणारी जागा म्हणजे कोब्याच्या पोटात साठलेलं पाणी. पाऊस नसतानाही ओली असणारी जागा म्हणजे तिचा छताशी संबंधच नसण्याची शक्यता जास्त. म्हणजे तुमच्या घरात एक गळती नाही, तीन वेगवेगळ्या आहेत, आणि एका बादलीने तिन्ही थांबणार नव्हत्याच.

तिसरीपासून सुरू करू, ती सगळ्यात सोपी. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 43-44 पर्यंत आणि आभाळात ढग नाही, मग ओल कशी? त्या कोपऱ्याच्या वर टाकी आहे का ते पाहा. आपल्या भागात नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, म्हणून आलं की टाकी काठोकाठ भरायची आपल्याला सवय. फ्लोट खराब असेल तर ओव्हरफ्लोचं पाणी तासभर स्लॅबवर पडत राहतं. ते एकदा पाहून घ्या. मग रात्री सगळे नळ बंद करा, टाकीच्या बुडाशी असलेला व्हॉल्व्हही बंद करा आणि आतल्या पाण्याच्या पातळीला खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी किंवा तिचा सांधा गळतोय. उतरली नसेल तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून नळ तेवढे बंद करा. आता उतरली तर भिंतीतली पाइप फुटलीय. यातलं काहीच नसेल तर कूलर आठवा. खिडकीतल्या कूलरचा टप भरून वाहतो, पाणी भिंतीच्या कडेने मुरतं आणि दोन महिन्यांत आतून पोपडे धरतात. 'उन्हाळ्यात घर गळतं' म्हणून बोलावलेल्या कितीतरी घरांत मला कूलरच सापडला. आणि तो कोपरा न्हाणीच्या फरशीजवळ खालून ओला असेल, तर मोरीच्या जाळीभोवतीचा सांधा पाहा. मोरी तुंबवून निळीचं पाणी साठवा आणि भिंतीच्या पलीकडे निळा डाग येतो का ते दोन दिवस बघा. डाग आला तर खात्री. नाही आला तर मात्र मोरी निर्दोष असं समजू नका, कारण विटा आणि माती रंग गाळून घेतात.

आता पंख्याचा हुक. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने वर जा. जिथे डबकं दिसेल त्याच्या काठाने विटेच्या तुकड्याने रेघ ओढा. गच्चीला 10 फुटांना सव्वा इंच उतार हवा आणि तो पन्हाळीकडेच हवा. तुमच्या गच्चीत डबकी असतील तर उतार कुठेतरी बसलाय किंवा मुळात दिलेलाच नाही. मग हातोडीच्या दांड्याने किंवा लाकडी काठीने वीत-वीतभर अंतरावर ठोकत जा. घट्ट कोबा टणटण वाजतो, सुटलेला कोबा बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथेही रेघ. नंतर कठड्याच्या बुडाशी बसून बोट फिरवा. स्लॅब आणि कठडा जिथे काटकोनात भेटतात तिथे गोलाई, ज्याला गवंडी वाटा म्हणतात, ती असायला हवी. बऱ्याच गच्च्या या वाट्यातूनच गळतात. वाटा नसतो, किंवा असतो पण कठड्यापासून सुटलेला असतो. पन्हाळीच्या पाइपाभोवती पाहा. डिश अँटेनासाठी स्लॅबमध्ये बोल्ट मारलेत का, मागे लग्नात मांडवासाठी गच्चीवर कोणी पहारीने भोकं पाडली होती का, हेही आठवा. पाडणारा विसरतो, पाणी विसरत नाही.

संशयाच्या जागा ठरल्या की पावसाने चार दिवस उघडीप दिली की परीक्षा घ्या. शेतात आपण वाफे करतो तसे चिखलमातीचे छोटे बांध घालून गच्चीचे चार वाफे करा. पन्हाळीची तोंडं चिंध्यांनी बंद करा. सगळ्यात खालचा, पन्हाळीजवळचा वाफा आधी दोन इंच भरा आणि 24 तास थांबा. खाली कोणीतरी टॉर्च घेऊन दर दोन तासांनी छत पाहायचं आणि वहीत वेळ लिहायची. गळलं नाही तर पाणी सोडून वरचा वाफा भरा. एका वेळी एकच वाफा, आणि क्रम खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या गच्चीवरून वाहत खाली येतं आणि काहीच कळत नाही. कठड्यांच्या भिंतींची परीक्षा नळीने घ्यायची, तीही खालून वर, एका जागी अर्धा तास धार धरून. दोन इंच पाण्याचं वजन एका चौरस फुटाला पाच किलोच्या आत येतं, धड स्लॅबला ते जड नाही. पण छताला खालून पोपडे सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर पाणी अजिबात साठवू नका. लोखंड गंजलं की कित्येक पट फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. तशी सळई दिसली तर गवंड्याच्या आधी इंजिनिअरला दाखवा.

हे सगळं आठवडाभराचं काम आहे, खर्च जवळपास शून्य, आणि यात तुमच्या घरातलं शाळकरी पोरही मदत करू शकतं. तीन वर्षांत बादल्यांवर जो पैसा गेला तो या एका आठवड्याने वाचला असता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधीचे उपाय का टिकले नाहीत तेही सांगतो, म्हणजे चौथ्यांदा फसवणूक होणार नाही. आपल्या मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि पहाटे तो गार होतो. 40 अंशांच्या फरकाला 30 फुटी स्लॅब साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो-आखडतो. रोज. अशा हलत्या चिरेत पांढरं सिमेंट भरलं तर ते दगडासारखं कडक होतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या बाजूलाच नवी चीर पडते. डांबर उन्हात पातळ होतं, मग वाळून ठिसूळ होतं. आणि बादलीतल्या केमिकलचं म्हणाल तर वस्तू कदाचित चांगलीच असेल, पण तुम्ही ते आदल्या वर्षांच्या डांबरावर आणि धुळीवर लावलं. डांबरावर सिमेंट किंवा ॲक्रिलिकचं काही धरत नाही. पापडासारखं सुटून येतं.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे डांबर खरवडून काढणं. कंटाळवाणं काम आहे, गवंडी टाळतो, तुम्ही समोर उभ्या राहून करून घ्या. त्यानंतर चीर दिसते तिथे छिन्नीने बोटभर रुंद, बोटभर खोल खाच मारायची, तारेच्या ब्रशने साफ करायची आणि ताण सहन करणारं सीलंट भरायचं. दुकानात पॉलिसल्फाइड किंवा पीयू सीलंट म्हणून मागा. ते रबरासारखं लांबतं आणि आखडतं. खाच पूर्ण कोरडी हवी. पाइपाभोवती आणि कठड्याच्या बुडाशी जुनं सुटलेलं काढून पॉलिमर घातलेल्या मसाल्याचा तीन इंची वाटा नव्याने घ्या. त्यावर फायबरची जाळी दाबून दोन भागांचं ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंग दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. हे कोटिंग कठड्यावर फूटभर वर चढलं पाहिजे. गच्चीच्या काठावर येऊन थांबलेलं वॉटरप्रूफिंग म्हणजे ताटाला कडाच नाहीत.

गवंडी म्हणतो तसा सगळा कोबा उखडायचा का? ते तुमची काठी ठरवेल. बद्द वाजणाऱ्या जागा दोन-चार असतील तर तेवढ्याच उखडा. निम्म्याहून जास्त गच्ची बद्द वाजत असेल आणि उतारही बसलेला असेल, तर गवंडी बरोबर आहे. पोटात पाणी असलेल्या कोब्यावर वरून काहीही फासलं तरी आतलं पाणी उन्हात वाफ होऊन त्याचे फुगे आणतं. नवा कोबा करायचाच झाला तर विटांचे तुकडे आधी पाण्यात भिजवलेले हवेत, उतार पाण्याच्या नळीने तपासलेला हवा, आणि घोटाई झाल्यावर निदान आठवडाभर वर पाणी साठवून ठेवलेलं हवं. वरून पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, घेतल्या तर ऊन परतवतात, स्लॅब कमी तापतो आणि खालची खोलीही जरा निवते. आपल्या खानदेशात तो खर्च मला कधी वाया गेलेला वाटला नाही.

काम कधी करायचं? आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की सगळ्यांना गच्ची आठवते. धाब्याच्या मातीसाठी ती वेळ योग्यच, आखाजी ते मृग. सिमेंटच्या कामासाठी मात्र ती सगळ्यात वाईट. 44 डिग्रीत मसाल्यातलं पाणी तासाभरात उडून जातं, सिमेंटला पुरेसं पाणी मिळतच नाही आणि वाळतानाच बारीक चिरा पडतात. स्लॅबचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. गवंडीही तेव्हा निवांत मिळतो.

आता ती मधली भिंत. माझा जीव जास्त तिथेच अडकलाय, कारण माझं लहानपण धाब्याखालीच गेलं. पाऊस वाढला की आई रात्री उठायची. कंदील माझ्या हातात, घमेलं तिच्या डोक्यावर. घरात कोपऱ्यात पांढऱ्या मातीचा ढीग पावसाआधीच करून ठेवलेला असे. ती शिडीने वर जायची, चपला काढून अनवाणी चालत तळव्यांनी मऊ जागा शोधायची, आणि जिथे पाय किंचित रुतेल तिथे माती टाकून टाचेने दाबायची. खाली आम्ही परात सरकवायचो. परातीतला आवाज थांबला की ओरडून सांगायचो, "थांबनं व माय!" एवढं नेमकं शोधणारं यंत्र मला पुढे कुठल्या साइटवर दिसलं नाही.

तिने नेमकं काय केलं ते पाहा. धाब्याची माती भिजून फुगते, तिच्या फटी मिटतात आणि ती पाणी अडवते. मग ऊन पडलं की वाळते आणि लाकडाला वारा मिळतो. ओलं होणं आणि वाळणं, दोन्हीवर धाबं जगतं. त्यावर सिमेंटचा कोबा घातला की खालची माती हलते आणि वरचा कोबा तडकतो. तड्यातून पाणी आत जातं आणि मग त्याला वाळायला वाटच उरत नाही. सरे आणि कड्या झाकल्या जागी कुजतात, वाळवी लागते, आणि वरून सगळं गुळगुळीत दिसतं. आबांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की हे काम करू नका. त्यांच्या वडिलांनी घातलेलं लाकूड इतकी वर्षं टिकलंय ते माती होती म्हणूनच.

पण एक गोष्ट आबांना नक्की विचारा. दर साली नवी माती टाकताना जुनी कधी काढली का? बऱ्याच धाब्यांवर थरावर थर चढून दीड फूट माती झालेली असते. ओल्या मातीचं एक घनफूट 50 किलोच्या आसपास भरतं. दहा बाय दहाच्या खणावर सहा इंच जास्तीची माती म्हणजे अडीच टन ओझं, ते त्या जुन्या सऱ्यांवर. संततधारेत धाबी बसतात ती बहुतेक याच भाराने. खालून सऱ्यांची टोकं, भिंतीत शिरतात तिथे, सुतारकामाच्या टोच्याने टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला, सरा मधे वाकलेला दिसला किंवा रात्री करकर ऐकू आली, तर त्या खणाखाली कोणी झोपायचं नाही, आजपासून. उन्हाळ्यात जास्तीची माती उतरवून घ्या, उगवलेलं गवत मुळासकट काढा आणि वर पांढऱ्या मातीचा तीन-चार इंची थर द्या, उतार पन्हाळीकडे ठेवून. शेतातली काळी कधीच नको. उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

गळती मात्र धाब्यातून नाही, सांध्यातून होतेय असा माझा कयास आहे, कारण ती लगेच होते. मातीचं छत आणि काँक्रीटची भिंत दोन वेगळ्या चालीने हलतात. त्यांच्यामधली फट कशानेही भरली तरी पुन्हा उघडणारच. म्हणून ती भरायची नाही, झाकायची. स्लॅबकडच्या भिंतीत, धाब्याच्या मातीपासून सहा-सात इंच वर, इंचभर खोल आडवी खाच मारा. जस्ती पत्र्याची फूटभर रुंद पट्टी वाकवून तिची वरची कड त्या खाचेत बसवा आणि सीलंटने बंद करा. खालची कड धाब्यावर उतरती, मोकळी सोडा. तिला धाब्यात खिळा मारायचा नाही. भिंत हलली तर पट्टी तिच्याबरोबर हलेल, धाबं बसलं तर पट्टी वरून झाकत राहील. गावातला पत्र्याचं काम करणारा हे एका दिवसात करून देतो. आणि स्लॅबची पन्हाळ धाब्यावर पडते का ते पाहा. सहाशे चौरस फुटांचं पाणी एका धारेने मातीवर पडलं तर कुठलंच धाबं टिकणार नाही. चार इंची पाइप जोडून ते पाणी थेट अंगणात उतरवा.

शेडबद्दल मालकांना एवढंच सांगा: पत्रा मारायला माझी ना नाही, पण शोध आणि दुरुस्ती झाल्यावर. खांबांसाठी स्लॅबमध्ये बोल्ट मारले तर ती नवी भोकं होतील. आणि मे-जूनमध्ये आपल्याकडे जे वादळ येतं, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करतं, त्यात हलका बांधलेला पत्रा शेजारच्या घरावर जाऊन पडतो. टाकी गळत असेल तर शेडखालीही ती गळतच राहील.

राहिली कानबाई. पट्टीचं काम भर पावसात नीट होणार नाही, म्हणून श्रावणापुरती ताडपत्री घाला. ती स्लॅबच्या कठड्यावरून घेऊन धाब्यावर चार फूट पुढे येऊ द्या, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून दाबा. खिळे आणि दोऱ्यांसाठी भोकं नकोत, आणि पन्हाळीचं तोंड झाकलं जाणार नाही एवढं पाहा. भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडून टाका. ऑइलपेंट मारू नका, आतली ओल अडकून लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, आणखी फुलेल. चुन्याची सफेदी चालेल. जागा बदलायला घरातली थोरली माणसं राजी नसतील तर चौरंग भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि मागे कापड बांधा. रोषणाईच्या माळा मात्र त्या भिंतीवर एकही नको.

दादरची कोठी आजच रिकामी करा. तळातलं धान्य मुठीत घेऊन दाबा. ढेकूळ झालं, आंबूस वास आला किंवा दाण्यावर काळी-हिरवी बुरशी दिसली तर ते बाजूला काढून पुरून टाका, गुराढोरांनाही घालू नका. बाकीचं उघडीप मिळाली की दोन उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की भरा. कोठी मात्र चार विटांवर उचलून समोरच्या कोरड्या भिंतीकडे ठेवा. वाफ्यांची परीक्षा झाली की वहीतल्या वेळा मला लिहून पाठवा. कोणत्या वाफ्याने किती तासांनी थेंब आला एवढं कळलं, की कुठे खाच मारायची ते इथून सांगता येईल.